पावसाळ्यात केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी दुधाळ, ३४००ला हे मोठ्ठं पोट

एमेस्सी_पार्ट२
बेंझहायड्रॉल ऑक्सिडाइज करून बेंझोफेनोन केलं. टीएलसीवर (शुद्धता बघायची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) एकच स्पॉट, मेल्टिंग ४७-४८ अंश. पण सॅम्पल केबीआरमधे घोटून, गोळी दाबून एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढला तर ३४०० सेमी⁻¹च्या आसपास, जिथे ओ-एच दिसतो, एवढं रुंद पोट (पसरट पीक) आलंय की सर लांबूनच म्हणाले अल्कोहोल शिल्लक आहे, परत रिअ‍ॅक्शन लाव. आता परवा सायनला पाणी भरलेलं, लॅबला पोचेपर्यंत मी चिंब, एसी बंद आणि हवेतली ओल ओढणाऱ्या केबीआरची बाटली कोणीतरी उघडीच ठेवलेली. हे पाणीच आहे ना? सरांना पटवू कसं?

अंधेरी_क्यूसी
पाणीच असणार, पण "असणार" म्हणून सर ऐकत नाहीत. त्याच बाटलीतल्या नुसत्या केबीआरची गोळी कर, सॅम्पल न घालता, तिचा स्पेक्ट्रम काढ. तिथेही तेच पोट आलं की विषय संपला. पाण्याचा दुसरा पीक १६४०च्या जवळ येतो पण तुझा कार्बोनिल (बेंझोफेनोनचा सी=ओ) १६६०च्या आसपास, दोघं एकमेकांत घुसतात, त्यावर वाद घालू नकोस. मग केबीआर ११० अंशाला रात्रभर ओव्हनमधे, डेसिकेटरमधे (ओल न लागणाऱ्या बंद भांड्यात) गार, २०० मिग्रॅला १-२ मिग्रॅ सॅम्पल, आणि आयआर लॅम्पखाली खलात घोट.

जुनी_लॅबवाली
अरे लॅम्पखाली काय, बेंझोफेनोन ४८ला वितळतं, खलात चिक्की होईल त्याची! लॅम्प फक्त केबीआरला. ते एकटं बारीक घोटून सुकव, गार झालं की सॅम्पल घाल आणि हात चालव. डायला (गोळी दाबायच्या साच्याला) व्हॅक्यूम लावतोस का? नाही लावला तर हवा आणि ओल आत अडकते, गोळी दुधाळ होणारच.

एमेस्सी_पार्ट२
नाही ताई, पंप बंद आहे 😐

अंधेरी_क्यूसी
हो ताई, वितळण्याचं डोक्यातच नाही आलं.

पवई_पीएचडी
एटीआर (थेट सॅम्पलवर आयआर घ्यायची जोडणी) मिळत असेल तर गोळीची कटकटच नको, डायमंडवर चिमूटभर ठेव, दाब, झालं. फक्त ३०००च्या वरचे पीक तिथे गोळीपेक्षा बुटके दिसतात, म्हणून पोट बारीक झालं की लगेच अल्कोहोल नाही असं ठरवू नकोस, करेक्शन लावून बघ. आणि मशीनचा बीमस्प्लिटर (आतला किरण दुभागणारा भाग) पण बहुतेक केबीआरचाच असतो हं. पावसाळ्यात रात्री मशीन बंद करू नका, सिलिका जेल बदलत राहा. आमच्याकडे वीज वाचवायला बंद करायचे, एका पावसाळ्यात बीमस्प्लिटर धुरकटला, वाचवलेल्या विजेच्या कितीतरी पट बिल आलं.

एमेस्सी_पार्ट२
नुसती गोळी काढली, सेम पोट. सरांनी बघितलं, "हं" म्हणाले, आणि आता सुकवून परत दाखव म्हणे. केबीआर ओव्हनमधे टाकलाय, बाटलीला पॅराफिल्म गुंडाळलीय.