कोल्हापूर–तिरुपती विमानानं: अंतर किती, वेळ किती?

रंकाळाकाठ: आईला बालाजीला न्यायचंय. वय ७४, गुडघे बोलायला लागलेत. गाडीनं ८५० किलोमीटरच्या आसपास पडतंय, ते जमणार नाही. उजळाईवाडीहून विमानानं किती लांब? पोचायला किती वेळ?

खगोलवेडा: अक्षांश-रेखांशावरून मांडलं तर सरळ रेषेत साधारण ६५५ किमी. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर ताशी ५०० च्या आसपास वेग, म्हणजे हवेत सव्वा तास. चढणं, उतरणं, धावपट्टीवर रांगणं धरून पावणेदोन तास समजा. मात्र त्या दिवशी थेट विमान आहे का, ते आधी बघा. हैदराबादला बदलायचं झालं तर हा हिशेब बोंबलला.

मिरजकर: गुडघ्यांचं म्हणताय तर सांगतो, एटीआरला मागच्या दारातून चढतात, पाच-सहाच पायऱ्या. विमानतळ रेणीगुंट्याला, तिथून तिरुपती १५ किमी. वर तिरुमलाचा घाट वेगळा. आम्ही हरिप्रिया एक्स्प्रेसचीच माणसं! कोल्हापुरात बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपती. गुंतकलपर्यंत दशम्या संपतात.

रंकाळाकाठ: हरिप्रिया आईलापण आवडते, पण वरचा बर्थ मिळाला की संपलं. आता विमानच. येताना अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही म्हणतेय. नवरात्रात बालाजीकडनं देवीला शालू येतो, मग आपण रिकाम्या हातानं कसं जायचं, हा तिचा सवाल. पावणेदोन तास सांगितले तर म्हणाली, “एवढ्यात तर भाकरीपण होत नाहीत सगळ्यांच्या!”