निरभ्र आकाशातील खळबळ: बसल्या जागी सीटबेल्ट कायम सक्तीचा असावा का?

अनिकेत (चर्चाप्रस्ताव):
विमानात आसनावर बसलेल्या प्रत्येक प्रवाशाला, पट्टा बांधण्याची सूचना देणारा वरचा दिवा लागलेला असो वा नसो, सीटबेल्ट सक्तीचा करावा, असे माझे ठाम मत आहे. खूप उंचावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्याच्या, म्हणजे जेट स्ट्रीमच्या, कडेला थोड्याशा उंचीत वाऱ्याचा वेग झपाट्याने बदलतो, हवेचे थर एकमेकांवर घसरून फुटतात आणि ढगाचा मागमूस नसतानाही भोवरे तयार होतात. विमानातील हवामान रडार पाण्याचे थेंब टिपते. कोरड्या हवेतली खळबळ, म्हणजे विमानाला हादरे देणारा टर्ब्युलन्स, त्याला दिसत नाही. २८ डिसेंबर १९९७ रोजी नारिताहून होनोलुलूला निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे ८२६ क्रमांकाचे विमान प्रशांत महासागरावर अशा खळबळीत सापडले, तेव्हा पट्टा न लावलेल्या एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. शिवाय हा धोका वाढतो आहे. रेडिंग विद्यापीठाच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, उत्तर अटलांटिकवरील सर्वसाधारण ठिकाणी तीव्र खळबळीचे वार्षिक तास १९७९ मध्ये १७.७ होते, ते २०२० मध्ये २७.४ झाले.

मृणाल:
धोका मला पूर्ण मान्य आहे, उपाय मात्र अपुरा वाटतो. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या नोंदींनुसार २००९ ते २०२२ या काळात खळबळीमुळे गंभीर जखमी झालेल्या १६३ जणांपैकी १२९ जण विमान कर्मचारी होते. ज्यांना ट्रॉली ढकलत उभेच राहावे लागते, त्यांचे संरक्षण प्रवाशांवरील सक्तीने कसे होणार? उलट रात्रीच्या अंधारात पांघरुणांखालचे पट्टे तपासण्यासाठी त्यांना आणखी फेऱ्या माराव्या लागतील.

अनिकेत:
पांघरुणावरून पट्टा बांधण्याचा नियम केला, तर तो लांबूनच दिसेल. आणि मोकळा प्रवासी केवळ स्वतःला इजा करून घेत नाही. उसळून तो शेजाऱ्यावर किंवा त्याच कर्मचाऱ्यांवर आदळतो, म्हणून हा प्रश्न वैयक्तिक निवडीवर सोडता येत नाही.

सुधीर:
मीही सक्तीच्या विरोधात आहे, पण कारण वेगळे आहे. दिवा कायम लागलेला असला की तो कोणी पाहत नाही. पुढच्या विमानाने नोंदवलेली खळबळ मागच्या वैमानिकाला तत्काळ कळवणारी यंत्रणा आज उपलब्ध आहे. सर्व कंपन्यांना तिच्यात सहभागी होणे बंधनकारक करावे, म्हणजे दिवा लागेल तेव्हा त्याला अर्थ असेल.

मृणाल:
त्या सूचनेला जोडून एवढेच मागते की, दिवा लागताच खानपान सेवा थांबवून कर्मचाऱ्यांनाही आसनावर बसण्याचा हक्क नियमातच लिहिलेला असावा.