मदत हवी आहे: कंबरेच्या दोन गोळ्या सोबत चालतात का? (तातडीने)

कादवाकाठ · मंगळवार, रात्री ८:५०
नानांची कंबर परवा द्राक्षांच्या छाटणीत धरली. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक पडला नाही, म्हणून आज नाशिकला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वेगळ्या दिल्या. सूज उतरवायची आणि स्नायू मोकळे करायची, असं काहीतरी आहे. जुन्या आणि नव्या सोबत द्यायच्या का? मेडिकलवाला म्हणाला चालतं, आई म्हणते नको. डॉक्टरांचा फोन बंद. सकाळी सहाला मजूर येणार आहेत, नाना उभे राहिले पाहिजेत. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच सांगायचं असेल तर कृपया लिहू नका, ते मलाही कळतं.

पंचवटीकर · ८:५४
गोळ्यांची नावं?

कादवाकाठ · ८:५५
एक पिवळी, एक पांढरी.

गोळे_कॉलनी · ९:०१
भाऊ, तीस वर्षं औषधांच्या होलसेलमध्ये काढली, पण रंगावरून गोळी ओळखणारा अजून भेटला नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात जे असतं ते सगळं टाइप करा. वरचं मोठं नाव नको, खालचं. नानांचं वय, बीपी, शुगर, पोटात अल्सर, किडनी, हेही लिहा.

सायकलवारी · ९:०३
मला सेम झालं होतं, कसारा घाट चढल्यावर. टिझानिडिन २ मिलिग्रॅम, स्नायू सैल करायची. रात्री एक घ्यायची, सकाळी माणूस नवा. बाकी सगळं टाइमपास.

निर्गुंडी · ९:०६
गोळ्या कशाला? निर्गुंडीचा पाला तिळाच्या तेलात मंद आचेवर काळपट होईस्तोवर कढवा, गाळून कोमट लावा, वर रुईचं पान गरम करून बांधा. आमच्या आजीने गल्लीतल्या किती कंबरा सरळ केल्या.

कादवाकाठ · ९:१२
पिवळी: डायक्लोफेनॅक ५०, पॅरासिटामॉल ३२५, क्लोरझोक्साझोन २५०. पांढरी: एसिक्लोफेनॅक १००, थायोकोल्चिकोसाइड ४. वय ६३. बीपी आहे, गोळी चालू आहे. पिवळी दुपारी झाली, पांढरी सातला दिली. आता पिवळीची रात्रीची वेळ झालीय. हो की नाही?

गोळे_कॉलनी · ९:२४
नाही.

आता कारण. सूज उतरवायचं एक आणि स्नायू सैल करायचं एक, ही जोडी चालते. इतकी चालते की कंपन्या एकाच गोळीत घालून विकतात. तुमच्या दोन्ही गोळ्या मुळात जोडगोळ्याच आहेत. म्हणजे तुम्ही एक अधिक एक नाही, दोन अधिक दोन देताय. डायक्लोफेनॅक आणि एसिक्लोफेनॅक सख्खे भाऊ आहेत. दोन घेतल्याने दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटात रक्तस्राव आणि किडनीवरचा ताण मात्र वाढतो. एकट्या एसिक्लोफेनॅकची मर्यादाच दिवसाला २००, म्हणजे त्या पांढऱ्या दोन. स्नायू सैल करणारीही दोन झाली की गुंगी, चक्कर, रात्री बाथरूमला जाताना तोल जाणं. नाना ट्रॅक्टर चालवत असतील तर किल्ली लपवा. जी गोळी ठरेल ती जेवणानंतर, मोजके दिवस. थायोकोल्चिकोसाइड सलग सात दिवसांपेक्षा जास्त नको, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय.

पंचवटीकर · ९:२९
असहमत. माझ्या मिसेसला डॉक्टरांनीच तीन वेगवेगळ्या दिल्या होत्या. काही झालं नाही.

गोळे_कॉलनी · ९:३१
तीनमधली एक पित्ताची असेल, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. चिठ्ठी टाका.

पंचवटीकर · ९:३२
चिठ्ठी कोण जपून ठेवतं.

अंजनेरी_भटक्या · ९:३५
थोडं अवांतर. डायक्लोफेनॅक म्हणजे तेच ना, जे दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपली? जनावरांसाठी २००६ ला बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्यांतून गोठ्यात जात होतं, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीचीच करायला लावली. एसिक्लोफेनॅक गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं, त्यावर २०२३ मध्ये बंदी. हरसूलजवळ खोरीपाड्याला वन खात्याचं गिधाड रेस्टॉरंट आहे, म्हणजे गिधाडांना मेलेली जनावरं खायला ठेवायची जागा, जरूर बघा.

सायकलवारी · ९:३६
नाना गिधाड नाहीत.

अंजनेरी_भटक्या · ९:३८
गिधाडांच्याही किडन्याच गेल्या होत्या, म्हणून म्हटलं.

सिस्टर_नाशिकरोड · ९:४०
धागाकर्ते, बीपीची गोळी कोणती ते लिहिलंच नाहीत. नावात 'एच' आहे का, म्हणजे लघवी वाढवणारी?

कादवाकाठ · ९:४४
टेल्मिसार्टन ४०, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. पण बीपीचा इथे काय संबंध? मी कंबरेचं विचारतोय.

सिस्टर_नाशिकरोड · ९:५१
संबंध आहे. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू, त्यावर डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक. ही तिकडी किडनीला महागात पडते. माणूस दिवसभर बागेत उन्हात, पाणी कमी प्यालेला असेल तर आणखी. लघवी नेहमीइतकी होते का?

द्राक्षबागाईतदार · ९:५३
छाटणीनंतर डोळे फुटायला काड्यांना सायनामाइडची पेस्ट लावतात, ती नानाच लावतात का? त्या दिवसांत दारूचा थेंबही नको. आमच्याकडे एक गडी संध्याकाळी पिऊन आला, तोंड लालबुंद, छातीत धडधड.

कादवाकाठ · ९:५५
नाना माळकरी आहेत.
लघवी कमी आहे, रंग नारिंगी. जळजळ पण होती, त्यावर चार दिवसांपासून सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० चालू आहे, ते वेगळं. बरं, शेजारच्या काकांकडे टिझानिडिन मिळाली. ती एकटीच दिली तर? बाकी सगळं बंद करून.

गोळे_कॉलनी · ९:५६
देऊ नका!! सिप्रो चालू असताना टिझानिडिन अजिबात नाही. सिप्रोमुळे यकृत टिझानिडिन निकाली काढत नाही, रक्तात ती कित्येक पट साठते, बीपी धाडकन खाली येतं. नानांना वर बीपीची गोळी. उभे राहिले की जमिनीवर.

सायकलवारी · ९:५९
मला काय माहीत सिप्रो चालू आहे. त्यांनी सांगितलं नव्हतं.

गोळे_कॉलनी · १०:००
तुम्ही विचारलंही नव्हतं.

पंचवटीकर · १०:०१
नारिंगी लघवी क्लोरझोक्साझोनने होते, घाबरू नका. मला झाली होती.

सिस्टर_नाशिकरोड · १०:०२
त्याने होते हे खरं, पण फक्त त्याने असेल असं नाही. कादवाकाठ, तीन प्रश्न, पटापट. ताप आहे का? हुडहुडी भरते का? दुखतंय नेमकं कुठे, माकडहाडाच्या वर मध्यभागी, की बरगडीच्या खाली एका बाजूला?

कादवाकाठ · १०:०९
काल रात्री हुडहुडी भरली होती, आईने दोन गोधड्या टाकल्या. डोलो ६५० दिली, उतरला. आता परत अंग गरम आहे. दुखणं उजवीकडे, बरगडीच्या खाली. आत्ता हात लावला तर ओरडले.

सिस्टर_नाशिकरोड · १०:११
ही छाटणीची कंबर वाटत नाही. लघवीचं इन्फेक्शन किडनीत चढलं असेल तर अस्संच दुखतं. सिप्रोने चार दिवसांत ताप गेला नाही, लघवी कमी, त्यात ही वेदनाशामकं. सकाळची वाट बघू नका, आत्ताच निघा. गाडी नसेल तर १०८. आता एकही गोळी नको. सगळ्या स्ट्रिपा, सिप्रोची आणि बीपीची पण, एका पिशवीत घालून सोबत न्या. हाडांच्या डॉक्टरांना जळजळीचं सांगितलं होतं का?

कादवाकाठ · १०:१४
नाही. ते हाडांचे डॉक्टर, त्यांना लघवीचं काय सांगायचं, असं नाना म्हणाले.
निघतोय. मजुरांचं काय करू?

द्राक्षबागाईतदार · १०:१५
मुकादमाचा नंबर मला व्यनि (खाजगी निरोप) करा. मी सकाळी बोलतो त्याच्याशी. तुम्ही निघा.

निर्गुंडी · १०:४०
तेल तरी लावून न्यायचं होतं.

पंचवटीकर · बुधवार, सकाळी ७:२०
काय झालं? अपडेट द्या.

गोळे_कॉलनी · ११:०५
?

कादवाकाठ · दुपारी २:३०
ऍडमिट केलंय. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढून २.३, सोनोग्राफीत उजव्या किडनीला सूज. लघवी कल्चरला पाठवली. सिप्रो बंद, सलाईनमधून दुसरं अँटिबायोटिक चालू. पिवळी, पांढरी दोन्ही बंद, बीपीची पण सध्या थांबवली. तापाला फक्त पॅरासिटामॉल. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उलटी केली, स्ट्रिपा ओळीने लावल्या आणि पेनाने एकेकीवर टिचकी मारत विचारलं, ही कोणी दिली, ही कोणी दिली. पाचांपैकी दोघींवर मला 'मी' म्हणावं लागलं. पाचवी काकांची टिझानिडिन, घाईत तीही पिशवीत आली होती. दिली नव्हती, एवढंच नशीब.

काल जरा तुसडेपणाने लिहिलं, सॉरी. सिस्टर, गोळे कॉलनी, आभार.

सिस्टर_नाशिकरोड · २:४१
लघवी किती होते ते मोजायला सांगितलं असेल, वही ठेवा. दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत होईल, तो आकडा इथे टाका.

सायकलवारी · २:५०
काळजी घ्या. माझी टिझानिडिन मात्र चांगली आहे, एवढं म्हणेन.

गोळे_कॉलनी · २:५२
देवा.

द्राक्षबागाईतदार · ३:१५
मुकादमाशी बोललो. तुमच्या खालच्या तुकड्यात आठ ओळी झाल्या, पेस्ट उद्या. नानांना सांगा.

कादवाकाठ · ३:४०
सांगितलं. काड्या किती डोळ्यांवर (फुटव्यांवर) ठेवल्या, ते विचारतायत. आणि पिवळी गोळी घरून आणली का, तिनेच जरा बरं वाटायचं म्हणे.