मदत हवी आहे: डिझाइनच्या तपासणीत दोष कोणता आणि निव्वळ मतभेद कोणता, हे कसे ठरवावे?

नमस्कार.

सॉफ्टवेअरचा कोड लिहायला घेण्यापूर्वी त्याच्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइनची (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणाऱ्या ‘ऑब्जेक्ट’ या घटकांतून केलेल्या रचनेची) रीतसर तपासणी करण्याची पद्धत आमच्या गटाने सुरू केली आहे. तिचा आराखडा आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर बेतलेला आहे: प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे वाचून यायचे, बैठकीत दोष फक्त नोंदवायचे आणि उपायांची चर्चा तिथे करायची नाही.

आकृत्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम उत्तम चालते. सिक्वेन्स डायग्राममध्ये (संदेशांचा क्रम दाखवणाऱ्या आकृतीत) ‘खाते’ या ऑब्जेक्टला ‘गोठवा’ असा संदेश जातो, पण क्लास डायग्राममध्ये (ऑब्जेक्टचे प्रकार, म्हणजे क्लास, दाखवणाऱ्या आकृतीत) त्या नावाची मेथडच, म्हणजे क्रियाच, नसते. किंवा बंद खाते पुन्हा सुरू करता येणार नाही असे रिक्वायरमेंटमध्ये स्पष्ट असूनही स्टेट डायग्राममध्ये (अवस्था कशा बदलतात हे दाखवणाऱ्या आकृतीत) ‘बंद’कडून ‘चालू’कडे जाणारा बाण असतो. अशा नोंदींवर कोणीही वाद घालत नाही.

खरी अडचण इनहेरिटन्स (एका क्लासवरून त्याचा उपप्रकार, म्हणजे सबक्लास, बनवणे) आणि जबाबदाऱ्यांची वाटणी यांच्याबाबत येते. आमच्या डिझाइनमध्ये ‘मुदत ठेव’ हा ‘खाते’चा सबक्लास आहे आणि त्यातील ‘पैसे काढा’ ही मेथड मुदत संपण्यापूर्वी बोलावल्यास एक्सेप्शन (काम न झाल्याची त्रुटी) देते. माझ्या मते हा लिस्कोव्ह यांच्या सबस्टिट्यूशन तत्त्वाचा (मूळ क्लासच्या जागी सबक्लास बिनधोक वापरता आला पाहिजे, या तत्त्वाचा) भंग आहे, कारण ‘खाते’ गृहीत धरून लिहिलेला कोड इथे अडेल. दुसऱ्या तपासनिसाचे म्हणणे असे, की मागणी नाकारली जाऊ शकते हे ‘खाते’च्या करारातच (तो क्लास काय करण्याची हमी देतो, याच्या अटींतच) नमूद केले तर भंग उरत नाही. त्यांचा मुद्दा खोडता येत नाही, आणि तो करार आकृतीत कुठेच लिहिलेला नसल्यामुळे निर्णय शेवटी ज्येष्ठतेवर होतो. हे मला फार खटकते.

चिदंबर आणि केमेरर यांची १९९४ मधील सहा मेट्रिक्सही (डिझाइन आकड्यांत मोजण्याची परिमाणे) आम्ही विचारात घेतली. कपलिंगचा (क्लास एकमेकांवर किती अवलंबून आहेत याचा) आकडा कुठे पाहावे हे सांगतो, पण जबाबदारी चुकीच्या क्लासकडे गेली आहे का, हे सांगत नाही. आणि कोहिजनसाठी (एका क्लासमधील मेथड एकमेकींशी किती निगडित आहेत हे मोजण्यासाठी) कोणती मेथड कोणते फील्ड, म्हणजे क्लासमध्ये साठवलेली माहिती, वापरते हे माहीत असावे लागते, जे या टप्प्यावर बहुधा ठरलेलेच नसते.

म्हणून अनुभवी सदस्यांना विचारावेसे वाटते: प्रत्येक मेथडच्या पूर्वअटी (ती बोलावण्याआधी काय खरे असावे) आणि उत्तरअटी (ती संपल्यावर काय खरे असेल) लिहिल्याशिवाय डिझाइन तपासणीला घ्यायचेच नाही, असा नियम आपण केला आहे का, आणि तो टिकला का? तपासनिसांना वेगवेगळ्या भूमिका, म्हणजे एकाला टेस्टरची तर दुसऱ्याला देखभाल करणाऱ्याची, दिल्याने असे वाद कमी होतात का? आपण वापरत असलेली प्रश्नावली इथे देता आली, तर फार मदत होईल.