शाळेत आहे, टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, काय करू कळत नाहीये

घाबरलेली_मी:
हे कोणालाच सांगता येत नाहीये म्हणून इथे लिहितेय, प्लीज ओरडू नका. मी सतरा वर्षांची आहे, शाळेचं शेवटचं वर्ष. पाळीची तारीख होऊन आज १६ दिवस झाले, आधी वाटलं परीक्षेच्या टेन्शनने पुढे गेली असेल, पण सकाळी मळमळायला लागलं म्हणून काल टेस्ट केली. दोन रेषा. दुसरी फिकट होती म्हणून म्हटलं ही धरायची नाही, आज परत केली तर परत दोन. दोन्ही स्ट्रिप टिश्यूत गुंडाळून कंपासपेटीत ठेवल्यात आणि वर्गात कोणी नुसती पट्टी मागितली तरी छातीत धस्स होतंय. मुलगा माझ्याच वर्गातला आहे, त्याला मेसेज केला, त्याने वाचला, उत्तर नाही. बाबांना कळलं तर ते माझ्याशी बोलणंच बंद करतील. नेटवर वाचलं की गोळ्या मागवता येतात, घरच्या घरी होऊन जातं, कोणाला कळत नाही. खरंय का? आणि फिकट रेष म्हणजे नक्की काय समजायचं?

रात्रपाळीची_नर्स:
फिकट असली तरी रेष ती रेषच गं. ती स्ट्रिप लघवीतलं एचसीजी नावाचं हार्मोन पकडते, ते दिवस गेल्यावर वाढतं, त्यामुळे पाकिटावर दिलेल्या वेळेत दुसरी रेष दिसली तर पॉझिटिव्हच धरायचं. किती आठवडे झालेत ते मात्र स्ट्रिप सांगत नाही आणि तुला आत्ता तेच कळायला हवंय. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आले त्या दिवसापासून नाही, हे किती तरी मुलींना माहीतच नसतं. तुझी पाळी २८ दिवसांनी येत असेल तर २८ आणि १६ मिळून ४४ दिवस, म्हणजे सहा आठवडे होऊनही गेले. महिनाभर गप्प बसलीस तर दहा होतील. सैल स्वेटर घालून पाचव्या महिन्यात आलेल्या मुली मी वॉर्डात बघितल्यात, त्यांचं काही चुकलं म्हणून नाही, कोणाला सांगू या विचारातच दिवस निघून गेले आणि मग हातात फारसं काही उरलं नाही.

आता गोळ्यांचं. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही खरी औषधं आहेत, डॉक्टर देतात आणि सुरुवातीच्या आठवड्यांत चांगली लागू पडतात. भीती आहे ती कोणाकडूनही मागवलेल्या पाकिटाची, आत काय आहे कोण जाणे, आणि तुला किती आठवडे झालेत तेही कोणी बघितलेलं नाही. कधीकधी गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो, त्याच्यावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. म्हणून आधी तपासणी, जमलं तर सोनोग्राफी. मध्येच पोटात एका बाजूला खूप दुखायला लागलं, खांद्याच्या टोकाशी दुखलं, चक्कर येऊन पडलीस किंवा खूप रक्त जायला लागलं तर थांबू नकोस, रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. काढे आणि पोटावर दाब देणं वगैरे अजिबात करायचं नाही.

दोन_मुलींची_आई:
बाळा, एक विचारते, उत्तर इथे द्यायची गरज नाही. हे तुझ्या मर्जीने झालं होतं ना? जबरदस्ती झाली असेल किंवा नाही म्हणायची सोयच नव्हती असं असेल तर डॉक्टरांना पहिलं हेच सांग, त्यात तुझा दोष नाही.

आणि घरी सांगच. तोंडाने नाही जमलं तर चिठ्ठी लिहून आईच्या हातात दे आणि तिथेच उभी राहा. ती चिडेल, रडेलही, पण ती पहिली दहा मिनिटं असतात, त्यावरून पुढचं ठरवू नकोस.

कधीकाळची_सतरा:
आईंचं बरोबर आहे पण सगळ्यांची घरं सारखी नसतात. मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर आधी दुसरं मोठं माणूस शोध, मावशी, आत्या, शाळेतल्या एखाद्या बाई, कौन्सिलर. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकांची सही लागते का, डॉक्टरांना कोणाला कळवावं लागतं का, हे प्रत्येक देशात वेगळं असतं, त्यामुळे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचार की मी सांगितलेलं कोणाकोणाला कळेल.

मी सतरालाच यातून गेलेय. आई कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा सांगितलं, तिच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला तसाच राहिला आणि ती किती तरी वेळ त्याच्याकडेच बघत होती. ओरडली नाही. संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाली, जेवलीस का. मी बाळ ठेवलं, एक वर्ष शाळा बुडली, नंतर पूर्ण केली. सोपं नव्हतं, झोप नाही, पैसे नाहीत, मैत्रिणी पुढे निघून गेल्या. माझ्याबरोबरच्या एकीने गर्भपात केला, तीही आज तिच्या जागी ठीक आहे. बाळ ठेवायचं, दत्तक द्यायचं की गर्भपात करायचा हे ना त्या मुलाच्या आईने ठरवायचं, ना आम्ही, ते तू ठरवायचं. त्या मुलाच्या उत्तराची वाट बघत दिवस घालवू नकोस एवढंच कळकळीने सांगते.

घाबरलेली_मी:
मर्जीनेच झालं होतं. सहा आठवडे वाचून हातपाय गार पडले, मला वाटत होतं तीनच झाले असतील. मावशीला फोन केला. दोन मिनिटं मला बोलताच येईना, ती फक्त आहे मी, आहे मी म्हणत राहिली. उद्या ती सोबत येतेय, आईला ती असतानाच सांगायचं असं ठरलंय. सोबत काय नेऊ?

रात्रपाळीची_नर्स:
शाब्बास गं. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ने, तिथे विचारल्यावर भीतीने आठवत नाही. काही औषधं चालू असतील तर त्यांची नावं, कसली ॲलर्जी असेल तर तीही. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासतील, निगेटिव्ह रक्तगट निघाला तर त्यासाठी वेगळं इंजेक्शन लागतं का ते विचार. दोन मिनिटं एकटीने बोलायचं असेल तर तसं सांग, मावशी बाहेर थांबतील. ठेवायचं असं वाटत असेल तर फॉलिक ॲसिड लगेच सुरू करतात, रोज ४०० मायक्रोग्रॅम. उद्याच निर्णय सांगायला हवा असं काही नाही, उद्या फक्त किती आठवडे झालेत ते कळू दे.

घाबरलेली_मी:
तारीख लिहिली. कंपासपेटीतच ठेवलीय, त्या स्ट्रिपच्या शेजारी. उद्या येऊन सांगते.