तेराच्या पुढचे पाढे: घोकून घ्यावेत की मांडायला शिकवावेत?

धरमपेठची पालक

माझी मुलगी यंदा पाचवीत जाईल. बारापर्यंतचे पाढे तिला मधूनच कोठूनही विचारले तरी येतात. अडचण तेराच्या पुढे सुरू होते. सतरा आठे किती असे विचारले, की ती पहिल्या सतरापासून एकेक सतरा मिळवत वर चढते आणि वाटेत एखादा हातचा विसरून 136 ऐवजी 126 वर थांबते. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे तेथे ‘सेव्हन्टीन एट झा’ म्हणतात, वसाहतीतल्या मैत्रिणींकडून हिंदी पहाडे कानांवर पडतात, आणि घरी तिचे आजोबा दिवेलागणीला तिला समोर बसवून ‘सतरा आठे छत्तीसासे’ असे म्हणवून घेतात. परवा तिने वहीत त्याच्यापुढे 3600 लिहिले. ‘छत्तीसासे’ म्हणजे छत्तीसशे नव्हे, एकशे छत्तीस, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आजोबांचा आग्रह तीसपर्यंतच्या पाढ्यांचा आहे, तर शाळेने वीसपर्यंतच सांगितले आहेत. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मे महिन्याच्या दुपारी मुलांना घराबाहेर सोडण्याची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून रोज थोडा वेळ देता येईल. तो वेळ नेमका कशात घालवावा, हे जाणकारांनी सांगावे. तिच्या मनात गणिताविषयी धास्ती बसू नये, एवढीच माझी अट आहे.

महालातील निवृत्त शिक्षक

ताई, ज्या मुलीला नऊपर्यंतचे पाढे पक्के येतात, तिला नव्व्याण्णवपर्यंतचा कोणताही पाढा कागदावर मांडता येतो, आणि प्रथम तिला हेच दाखवावे असे मला वाटते. सत्तावीसचा पाढा घ्या. डावीकडे दोनाचा पाढा उभा लिहायचा आणि त्याच्या शेजारी, थोडी जागा सोडून, साताचा: 2 आणि 7, 4 आणि 14, 6 आणि 21, 8 आणि 28, याप्रमाणे दहापर्यंत. डावीकडचे आकडे दशकांचे आहेत आणि उजवीकडचे एककांचे. उजवीकडच्या संख्येत जितके दशक असतील तितके डावीकडे मिळवायचे आणि एककाचा अंक जागेवर ठेवायचा. 4 आणि 14 यांचे 54 होतात, 6 आणि 21 यांचे 81, 8 आणि 28 यांचे 108, तर 12 आणि 42 यांचे 162. सतराचा पाढा याच रीतीने मांडला, तर आठव्या ओळीत 8 आणि 56 येतात. पाच दशक आठात मिळवले की 13, आणि पुढे 6, म्हणजे 136. आपली मुलगी जो हातचा वाटेत विसरते, तो येथे तिला डोळ्यांसमोर लिहिलेला दिसतो. शिवाय आठवी ओळ काढण्यासाठी आधीच्या सात ओळींवर विसंबावे लागत नाही, त्यामुळे एका ओळीतली चूक पुढच्या ओळीत जात नाही.

मात्र ही केवळ युक्ती आहे असे मुलीला वाटू देऊ नये. सत्तावीस म्हणजे वीस आणि सात. म्हणून सहा वेळा सत्तावीस म्हणजे सहा वेळा वीस आणि सहा वेळा सात, 120 आणि 42. सुटे दहा रुपये आणि एक रुपया यांचे गठ्ठे करून हे एकदा दाखवले, की पुन्हा समजावावे लागत नाही.

भाषेबाबत माझे मत स्पष्ट आहे. पाढा म्हणण्याची भाषा एकच ठेवावी, आणि ती मुलगी ज्या भाषेत मनातल्या मनात मोजते ती असावी. मराठी संख्यानामांत एकक आधी आणि दशक नंतर येतो, लिहिताना मात्र दशक आधी. त्यातच एकोणतीस, एकोणचाळीस अशी पुढच्या दशकावर टेकलेली नावे येतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि त्यावर मोठा वाद झाला, तेव्हा गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी याच अडचणीकडे लक्ष वेधले होते. त्या उपायाविषयी मतभेद असू शकतात, परंतु अडचण खरी आहे. शंभराच्या वर तरी आजोबांनी ‘चारोदरसे’, ‘छत्तीसासे’ सोडून ‘एकशे चार’, ‘एकशे छत्तीस’ म्हणावे. पाढ्याची लय त्याने फारशी बिघडत नाही.

मनीषनगरची आई

सरांची रीत उत्तम आहे. त्यात माझी एक भर अशी, की अकरा ते तीस हे वीस पाढे मुलांपुढे वीस स्वतंत्र डोंगर म्हणून उभे करण्याचे कारण नाही. चौदा, सोळा आणि अठरा म्हणजे सात, आठ आणि नऊ यांची दुप्पट; सोळा साते हवे असतील तर आठ साते छप्पन्न आणि त्याची दुप्पट 112. चोवीस ही बाराची दुप्पट, अठ्ठावीस ही चौदाची. अकरा, वीस आणि तीस यांना पाठांतर लागतच नाही. पंधरा आणि पंचवीस व्यवहारात आपोआप रुळतात. एकोणीस आणि एकोणतीस यांना वरच्या दशकातून उतरावे: सात वेळा तीस 210, त्यातून सात वजा केले की एकोणतीस साते 203. अशी छाटणी केल्यावर खऱ्या अर्थाने नवे उरतात ते तेरा, सतरा आणि तेवीस. माझ्या मुलाला हे कळले त्या दिवशी त्याची अर्धी कुरकुर संपली.

तेरा आणि सतरा हे तर जोडीनेच शिकवावेत. तेराच्या पाढ्यातील एककाचे अंक 3, 6, 9, 2, 5, 8, 1, 4, 7, 0 असे येतात आणि सतराच्या पाढ्यात 0 सोडून तेच उलट्या क्रमाने, 7, 4, 1, 8, 5, 2, 9, 6, 3, असे येतात. दोन्ही पाढे शेजारी लिहून प्रत्येक ओळीची बेरीज केली तर तीसचा पाढा तयार होतो. चौथ्या ओळीत 52 आणि 68 मिळून 120. एखाद्या ओळीत चूक झाली तर ती येथे लगेच उघडी पडते आणि मुलीला ती स्वतः सापडते, आपल्याला सांगावी लागत नाही. सत्तावीसची पडताळणी वेगळी: प्रत्येक उत्तरातील अंकांची बेरीज 9 किंवा 18 आलीच पाहिजे.

वीसच्या पुढचे पाढे मात्र तोंडपाठ करून घेऊ नयेत, मांडता आले म्हणजे पुरे. त्याऐवजी तीसपर्यंतच्या संख्यांचे वर्ग शिकवले तर पुढील इयत्तांत अधिक उपयोगी पडतात.

इतवारीतील एक दुकानदार

मांडणीचे हे सगळे ठीक आहे, परंतु येथे पाठांतराला जरा कमी लेखले जात आहे. माझ्या वडिलांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे पाढे, पाठ केले, कारण सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण यांचा हिशेब त्याखेरीज होत नसे. 1957 मध्ये दशमान नाणी आली, नंतर किलोग्रॅम आले, आणि त्यांतले बरेच ओझे उतरले, ते योग्यच झाले. तरीही गिऱ्हाईक समोर उभे असताना कागदावर दोन स्तंभ मांडायला कोणी थांबत नाही. आजही माझ्या बिलात अठराचा पाढा रोज लागतो, कारण बऱ्याच मालावर जीएसटी अठरा टक्के आहे: 650 रुपयांच्या वस्तूवर अठरा सक एकशे आठ आणि अठराचे निम्मे नऊ, असे 117 रुपये. हा ‘निम्मे’ जोडण्याचा सराव निमकीतूनच आलेला आहे. यंत्र हाताशी असतेच, परंतु त्यात एक शून्य जास्त दाबले गेले तर ते ओळखण्यासाठी डोक्यात अंदाज असावा लागतो.

म्हणून आजोबांना संध्याकाळच्या बैठकीतून उठवू नका. मुलीने पाढा आधी स्वतः मांडावा, पडताळावा, आणि मग तोच आजोबांबरोबर मोठ्याने म्हणावा. तेवढ्याने दोघांचेही समाधान होईल.

धरमपेठची पालक

सर्वांचे आभार. तेरा आणि सतराची जोडी मांडून पाहिली. तीसचा पाढा तयार होताना तिला मौज वाटली आणि तिने आजोबांना बोलावून तो दाखवला. आता एक शंका उरते. पाढा क्रमाने म्हणता येतो, मांडताही येतो, तरी भागाकारात तो वेळेवर आठवत नाही. तेथे काय करावे?

महालातील निवृत्त शिक्षक

भागाकारात प्रश्न उलटा असतो, आणि आपण मुलांना तो उलटा कधी विचारतच नाही. ‘सतरा सक किती’ याच्या जोडीला ‘102 मध्ये सतरा किती वेळा’ हेही विचारावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘सतराच्या पाढ्यात 61 च्या आत सर्वांत मोठी संख्या कोणती’ असे विचारावे, कारण भागाकारात नेमकी हीच गरज असते. 612 ला 17 ने भागताना प्रथम 61 च्या आतले 51 दिसले पाहिजेत, म्हणजे तीन वेळा. बाकी 10, वरचे 2 खाली घेतले की 102, आणि ते सहा वेळा. उत्तर 36. सुरुवातीला मांडलेला पाढा समोर ठेवून भागाकार करू द्यावा. त्यात गैर काही नाही. कागदाकडे तिची नजर जाईनाशी झाली, की तेवीसचा पाढा घ्यावा.