४,२९,४९,६७,२९७ ही संख्या संयुक्त आहे, हे हाताने कसे दाखवावे?

प्रश्न
२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाच संख्या मूळ असल्यामुळे सहावीही मूळच असावी, असे गणितज्ञ फर्माचे मत होते. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने ६४१ हा तिचा भाजक दाखवून दिला. मी वहीत ३ पासून ९७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिला आणि दर वेळी बाकी उरली. ६४१ ही तर ११६ वी मूळ संख्या आहे. मग एवढे सगळे भागाकार करण्यावाचून गत्यंतर नाही का?

उत्तर १
आहे, आणि ती वाट फर्माच्याच प्रमेयातून जाते. समजा, 'प' ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला 'प'ने भागल्यास बाकी उणे १ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), म्हणून ६४ व्या घाताची बाकी १ येते, आणि ६४ पेक्षा लहान कोणत्याही घाताची बाकी १ येत नाही. फर्माच्या लहान प्रमेयानुसार 'प उणे १' या घाताचीही बाकी १ असते. तेव्हा 'प उणे १' ला ६४ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा आहेत. पाचव्याच भागाकारात काम होते!

उत्तर २
तो पाचवा भागाकारही टाळता येतो, आणि मला स्वतःला ही सिद्धता फार प्रिय आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी उणे १ आहे. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ ठरते. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी उणे १६ लिहिता येतात, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात असल्याने २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ निघते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

उत्तर ३
दुसरा अवयव ६७,००,४१७ आहे आणि तो मूळ आहे. शिवाय ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, तसेच ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. मूळ संख्येला अशी मांडणी असलीच तर एकच असते, त्यामुळे एकही भाजक ठाऊक नसताना केवळ या दुसऱ्या मांडणीवरूनही ती संयुक्त ठरते. वहीत हे दोन वर्ग करून बेरीज अवश्य ताडून पाहावी: ३,८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१.